ओटीपोटाच्या रेडिएशनच्या काळात लघवीचा त्रास कमी राहावा म्हणून काय करता येईल?

अबोली

नमस्कार. माझ्या सासूबाईंना (वय ६१) गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले आहे. शस्त्रक्रिया न करता बाहेरून २५ वेळा रेडिएशन, त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो आणि शेवटी आतून द्यायचे रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी, असा उपचार डॉक्टरांनी ठरवून दिला आहे. सध्या तिसरा आठवडा सुरू आहे. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब असून दोन्हींच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत.

पहिले दोन आठवडे त्यांची काही तक्रार नव्हती. आता मात्र लघवीला वारंवार जावे लागते, करताना जळजळ होते आणि एकदा लागली की धरवत नाही. रात्रीचीही झोपमोड होते. रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेले असायला हवे म्हणून तिथे पाणी प्यायला सांगतात, आणि मशीनवर नंबर लागायला उशीर झाला की त्या अगदी रडकुंडीला येतात. परवा तर टेबलावर झोपवल्यानंतर त्यांना उठून जावे लागले आणि पुन्हा पाणी पिऊन थांबावे लागले.

आम्ही गावाहून एसटीने ये-जा करतो. वाटेत बाईमाणसाला जाण्यासारखी सोय नाही, त्यामुळे सासूबाईंनी सकाळपासून पाणी पिणे जवळजवळ बंदच केले आहे. रुग्णालयात पोहोचल्यावरच काय ते एकदम अर्धा लिटर पितात. ओपीडीत इतकी गर्दी असते की "हा त्रास होतोच, उपचार संपल्यावर कमी होईल" यापलीकडे बोलणे होत नाही. ते खरे असेलही, पण अजून निम्म्याहून अधिक उपचार बाकी आहेत आणि हा त्रास वाढू नये यासाठी आमच्या हातात काही आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. नातेवाइकांपैकी कुणी क्रॅनबेरीचा रस सुचवतात, कुणी गोखरूचा काढा, तर कुणी धने-जिऱ्याचे पाणी. यातले काय द्यावे? आणि मूत्राशय भरून ठेवण्याचा एवढा आग्रह नेमका कशासाठी असतो? त्रास तिथेच होत असताना तेच भरून ठेवायचे, हे त्यांना पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नीट समजलेले नाही.

रंकाळा

अबोलीताई, मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे रुग्णाला मशीनवर झोपवून उपचार देणाऱ्यांपैकी. औषधांविषयी डॉक्टरांनीच सांगावे. मूत्राशय भरण्यासंबंधी मात्र मी सविस्तर लिहितो, कारण या विषयात रुग्णांच्या हातात सर्वांत जास्त जर काही असेल तर ते हेच आहे.

रिकामे मूत्राशय ओटीपोटात खाली बसते आणि त्याने सोडलेल्या जागेत लहान आतड्याची वेटोळी उतरतात. मूत्राशय भरले की ही आतडी वर ढकलली जातात आणि मूत्राशयाचा वरचा भागही किरणांच्या क्षेत्रापासून दूर सरकतो. मूत्राशयाच्या एकूण भिंतीपैकी जास्त भाग क्षेत्राबाहेर राहिला तर पूर्ण डोस मिळणारा भाग तेवढा कमी होतो. गर्भाशयमुखाला चिकटून असलेला मूत्राशयाचा तळ मात्र कशानेही वाचवता येत नाही. म्हणून सगळ्या सूचना काटेकोर पाळूनही थोडा त्रास होतोच, आणि तो झाला म्हणजे आपले काही चुकले असे सासूबाईंना वाटू देऊ नका.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की उपचार सुरू होण्यापूर्वी प्लॅनिंगचा जो सीटी स्कॅन झाला, त्या वेळी मूत्राशय जेवढे भरलेले होते त्यावर पुढचा सगळा हिशेब बसवलेला असतो. गर्भाशय मूत्राशयाला टेकलेले असल्यामुळे मूत्राशय कमीजास्त भरले की तेही पुढेमागे, वरखाली होते. म्हणजे आज रिकामे, उद्या तुडुंब असे होत राहिले तर किरण ठरल्या जागी पडत नाहीत आणि शेजारच्या अवयवांना नको तेवढा डोस जातो. त्यामुळे "जितके जास्त भरेल तितके चांगले" हा समज चुकीचा आहे. रोज साधारण सारखे असणे हे खरे उद्दिष्ट आहे. तुडुंब भरलेले असले तर रुग्ण कळ सोसत अंग आवळून झोपतो, पाय हलवतो, आणि अंगावर काढलेल्या खुणा लेसरच्या रेषेशी जुळवताना आमची तारांबळ उडते.

बहुतेक ठिकाणची पद्धत अशी असते की आधी लघवी करून यायचे, मग ठरलेले पाणी, बहुधा ५०० मिलिलिटरच्या आसपास, दहा-पंधरा मिनिटांत संपवायचे आणि ४५ मिनिटे ते तासभर थांबायचे. प्रमाण आणि वेळ रुग्णालयागणिक बदलते, म्हणून तुमच्याकडे जे सांगितले असेल तेच पाळा. पण हे गणित शरीरात आधीपासून पुरेसे पाणी असेल तरच जमते. सकाळपासून तहानलेल्या माणसाने अर्धा लिटर पाणी प्यायले तर शरीर ते आधी स्वतःसाठी ठेवून घेते. तासाभराने मूत्राशयात फारसे काही जमलेले नसते आणि मग मशीनवर थांबावे लागते. मधुमेहाची साखर वाढलेली असेल किंवा रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर उलटे होते, अर्ध्या तासातच धरवेनासे होते. ती गोळी घेण्याची वेळ रेडिएशननंतर ठेवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पुष्कळदा तेवढ्यानेच प्रश्न सुटतो.

नंबर लागायला उशीर होतो ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. रुग्णालयात पोहोचल्या पोहोचल्या बाटली तोंडाला लावू नका. आधी खिडकीवर किंवा आतल्या टेक्नॉलॉजिस्टला विचारा की आज मशीन वेळेवर आहे का आणि आपल्या आधी किती जण आहेत. मशीन बंद पडले असेल, मध्येच एखादा तातडीचा रुग्ण घेतला असेल, तर आम्ही तसे सांगतो, फक्त कुणी विचारायला हवे. शक्य असेल तर रोजची ठरावीक वेळ मागून घ्या. पाण्याची बाटली रोज एकच ठेवा आणि तिच्यावर पट्टी चिकटवून खूण करा, म्हणजे आज ग्लास, उद्या लोटा असे होणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला रोज दिसते. नंबर जाईल या भीतीने बायका "हो, भरली आहे" असे खोटेच सांगतात. किंवा असह्य होत असूनही गप्प राहतात. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच आहे. झोपण्याआधी स्पष्ट सांगावे. जिथे मशीनवरच स्कॅन घेण्याची सोय आहे तिथे आम्हाला मूत्राशय दिसतेच, पण ती तपासणी सगळीकडे रोज होते असे नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर मूत्राशयाची धरून ठेवण्याची क्षमता बहुतेकांची कमी होते. सुरुवातीला जमलेले प्रमाण आता रोजच जमत नसेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. पाणी कमी करणे, थांबण्याची वेळ घटवणे किंवा गरज पडल्यास पुन्हा स्कॅन करून आराखडा सुधारणे, हे निर्णय त्यांनी घ्यायचे असतात. रेडिएशन झाल्यावर मात्र लगेच मूत्राशय रिकामे करावे, ते तसेच ताणून ठेवण्यात काहीही फायदा नाही.

पूर्वाषाढा

मी कॅन्सर रुग्णालयाच्या किरणोपचार विभागात डॉक्टर म्हणून काम करते. रंकाळा यांनी लिहिलेले अगदी योग्य आहे. मी उरलेल्या प्रश्नांविषयी लिहिते. पण हे वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नये, ही विनंती आधीच करते.

पहिली गोष्ट, सासूबाईंना होणारी जळजळ ही किरणांमुळेच आहे असे गृहीत धरू नका. किरणांचा मूत्राशयावरचा परिणाम साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतो आणि उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांत ओसरतो, हे खरे आहे. पण मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाची लक्षणेही तंतोतंत हीच असतात, आणि मधुमेह, केमोमुळे घटणाऱ्या पांढऱ्या पेशी व कमी पाणी पिणे या तिन्ही गोष्टी संसर्गाला पोषक आहेत. त्यामुळे लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात हे पाहणे) या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. साध्या तपासणीत 'पस सेल्स', म्हणजे पूच्या पेशी, वाढलेल्या दिसल्या म्हणजे संसर्ग आहेच असेही नाही. किरणांनी सुजलेल्या अस्तरातूनही त्या येतात. म्हणूनच कल्चरचा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्यायचा असतो. औषधाच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या आणून दिल्या की कल्चर निरुपयोगी होते आणि पुढे खरोखर संसर्ग झाला तर कोणते औषध लागू पडेल हे कळत नाही.

पाणी बंद करणे हा या काळातला सर्वांत वाईट उपाय आहे. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर एक संरक्षक थर असतो. किरणांमुळे तो विरळ होतो आणि लघवीतले क्षार खालच्या थराला झोंबू लागतात. लघवी जितकी गडद तितके झोंबणे अधिक. शिवाय सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करू शकते आणि पाण्याच्या कमतरतेत तो धोका वाढतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा असा आजार नसेल ज्यात पाण्यावर मर्यादा घातलेली असते, तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रवपदार्थ, थोडेथोडे करून, हे साधारण उद्दिष्ट ठेवावे. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे पुरेसे झाले. दिवसाच्या पहिल्या भागात अधिक आणि संध्याकाळी सातनंतर कमी प्यावे, म्हणजे रात्रीचे उठणे थोडे कमी होते. एसटीच्या प्रवासाची अडचण मी समजू शकते. निघण्याच्या दीड-दोन तास आधीपर्यंत भरपूर पाणी पिऊन, निघताना लघवी करून, प्रवासात फक्त घोट घोट घ्यावे, आणि गरज वाटल्यास प्रवासापुरते मोठ्यांचे डायपर वापरावे. सुरुवातीला बायकांना संकोच वाटतो, पण तहानलेले राहण्यापेक्षा ते शतपटीने बरे. उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांना राहण्याची सोय काही रुग्णालयांशेजारी स्वस्तात असते, तशी तुमच्याकडे आहे का हे समाजसेवा विभागात विचारून पाहा.

चहा-कॉफी पूर्ण सोडण्याची सक्ती करू नये, पण दिवसाला एखाद-दुसऱ्या कपावर आणावी. कोला, फार तिखट जेवण यांनी अनेकांचा त्रास वाढतो. तंबाखूबाबत मी स्पष्टच विचारते, कारण आपल्याकडे घरातले लोक हे सांगत नाहीत: सासूबाई मिश्री लावतात का? ओटीपोटाच्या किरणोपचाराचे पुढचे दुष्परिणाम धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतात. मिश्रीही तंबाखूच आहे, ती या निमित्ताने कायमची बंद व्हावी.

आता क्रॅनबेरी. तिच्यावर खरोखर चाचण्या झालेल्या आहेत. प्रोस्टेटच्या रेडिएशनदरम्यान क्रॅनबेरीचा रस आणि सफरचंदाचा रस यांची तुलना करणारी एक चाचणी २००३ साली प्रसिद्ध झाली. गर्भाशयमुख आणि मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रुग्णांमधली दुसरी २०१२ साली. दोन्हींत क्रॅनबेरीने लघवीचा त्रास लक्षणीय कमी झाला असे दिसले नाही. बाजारात मिळणाऱ्या रसात साखरही बरीच असते, त्यामुळे मधुमेही रुग्णाला मी तो मुळीच सुचवणार नाही, आणि रक्त पातळ करण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, जवाचे पाणी, पातळ ताक यांना माझी हरकत नाही. त्यांत गुण असेल तर तो मुख्यतः पाण्याचा, पण त्यांच्या निमित्ताने पोटात पाणी जात असेल तर अवश्य द्या. शहाळ्यात पोटॅशियम असते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असेल तर आधी विचारावे. गोखरूचा काढा, पुनर्नवा किंवा तत्सम गोळ्या मात्र केमो चालू असताना देऊ नयेत. त्या वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. उद्या क्रिएटिनिन वाढले तर ते सिस्प्लॅटिनमुळे वाढले की काढ्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि केमो थांबवावी लागेल.

त्रास होऊच नये म्हणून आधीपासून द्यावी अशी सिद्ध झालेली गोळी आज तरी नाही. झालेला त्रास कमी करणारी औषधे आहेत. लघवीची आम्लता कमी करणारे सायट्रेटचे सिरप जळजळीला आराम देते, पण त्यात सोडियम असते, रक्तदाब व हृदयाच्या रुग्णांनी प्रमाण विचारावे. लघवी नारिंगी करणारी फेनाझोपायरिडिन ही गोळी थोड्या दिवसांसाठी दिली जाते. रंग पाहून रक्त आले असे समजून घाबरू नये. वारंवार लागणे आणि न धरवणे यासाठी मूत्राशय शिथिल करणारी औषधे आहेत, मात्र त्यांतल्या काहींनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि काचबिंदू असलेल्यांना ती चालत नाहीत. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सिस्प्लॅटिनसोबत मूत्रपिंडांवर दुहेरी भार टाकतात, त्या टाळाव्यात. पॅरासिटामॉल चालते, पण घेण्यापूर्वी थर्मामीटरने ताप मोजावा, नाहीतर ताप झाकला जातो.

थंडी वाजून ताप, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक. कमरेच्या वर बाजूला दुखणे. लघवीतून रक्त किंवा रक्ताच्या गाठी. लघवी तुंबणे किंवा फार कमी होणे. यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाच्या नंबराची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आणि लघवीचा त्रास होतो म्हणून घरी बसून रेडिएशन चुकवू नये. या कॅन्सरमध्ये बाहेरचे व आतले मिळून सगळे रेडिएशन साधारण आठ आठवड्यांत पूर्ण करायचे असते, आणि ते लांबले तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते.

सायली_सांगली

माझ्या आईचे हेच उपचार झालेले आहेत, त्यामुळे एक मुद्दा जोडते. आईला जळजळ व्हायची ती नेमकी कुठे, हे आम्ही फार उशिरा विचारले. लघवी येताना आत, खोलवर दुखते की लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की झोंबते, हा फरक महत्त्वाचा होता. तिच्या जांघेची आणि योनीमुखाभोवतीची त्वचा रेडिएशनमुळे लाल होऊन सोलवटली होती, आणि आम्ही मात्र लघवीचीच औषधे मागत होतो. विभागातल्या सिस्टरांनी तपासून सांगितले तेव्हा उलगडा झाला.

त्यांनी सांगितलेला उपाय अगदी साधा होता. लघवी करतानाच कोमट पाण्याने भरलेल्या मगातून किंवा बाटलीतून धार सोडत राहायची, म्हणजे लघवी पातळ होऊन झोंबत नाही. नंतर न घासता मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचे. साबण, जंतुनाशक द्रव, पावडर, खोबरेल तेल, काहीही आपल्या मनाने लावायचे नाही. आतले कपडे सैल आणि सुती असावेत. नऊवारी किंवा काष्टा नेसणाऱ्या बायकांना जांघेत कापड घासते, तेवढ्या दिवसांपुरती साधी साडी किंवा गाऊन बरा पडतो. धुताना ओटीपोटावरच्या शाईच्या खुणा पुसणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

निवृत्त_मुख्याध्यापक

मी पुरुष आहे आणि माझे रेडिएशन प्रोस्टेटसाठी झाले, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे. पण येथे पुरुष रुग्णही वाचत असतील म्हणून लिहितो. आमच्यात मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधूनच जातो, त्यामुळे जळजळीपेक्षा धार बारीक होणे, जोर लावावा लागणे आणि पूर्ण रिकामे न झाल्याची भावना हा त्रास अधिक असतो. मला टॅम्सुलोसिन ही लघवीचा मार्ग सैल करणारी गोळी रात्री झोपताना दिलेली होती आणि तिचा उपयोग झाला. ती घेऊन एकदम उठल्यास चक्कर येते, म्हणून रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर क्षणभर बसून मग उभे राहावे. माझ्या वयाच्या लोकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आम्हाला मूत्राशय भरलेले आणि मलाशय रिकामे अशी दुहेरी सूचना होती. मलाशयात मळ किंवा वायू साठला की प्रोस्टेट पुढे ढकलले जाते. त्यामुळे बद्धकोष्ठता होऊ न देणे आणि वायू धरणारे पदार्थ, म्हणजे हरभरा, वाटाणा, कोबी, कमी करणे यावर विभागाचा भर होता. रात्री पाणी कमी करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, पण काही जण दुपारी तीननंतरच पाणी बंद करतात, ते योग्य नव्हे.

उपचार ठरवताना डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: रेडिएशन फक्त प्रोस्टेटला की ओटीपोटातील लसिका ग्रंथींनाही? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २२४ पुरुषांवर याचीच चाचणी झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रंथींनाही रेडिएशन दिलेल्या गटात आजार पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण कमी होते. पाच वर्षांनी पीएसए (प्रोस्टेटचा आजार परतला का हे दाखवणारी रक्ततपासणी) न वाढता राहिलेले रुग्ण ९५ टक्के, तर दुसऱ्या गटात ८१ टक्क्यांच्या आसपास. पण मूत्राशयाचा मध्यम किंवा त्याहून तीव्र स्वरूपाचा उशिराचा त्रासही अधिक होता, २० टक्के विरुद्ध ८.९ टक्के. ही माहिती आधी असली की रुग्ण समजून उमजून होकार देतो आणि पुढे त्रास झाला तरी फसवल्यासारखे वाटत नाही.

अबोली

सर्वांची मनापासून आभारी आहे. कल्चर झालेलेच नव्हते, आज सकाळी नमुना दिला आहे. रक्तदाबाच्या गोळीत खरोखरच लघवी वाढवणारे औषध निघाले. ती दुपारी घेतली तर चालेल असे डॉक्टरांनी सांगितले. मिश्रीविषयी पूर्वाषाढाताईंनी विचारले ते बरोबर हेरले, सासूबाईंनी डबी अजून उशाशीच ठेवली आहे. आता सासरेबुवांनी ती ताब्यात घेतली आहे, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला आहे.

मधुमेहासाठी त्यांना डापाग्लिफ्लोझिन असलेली गोळी आहे. औषध दुकानदार म्हणाले की या गोळीमुळेही लघवी जास्त होते. हे खरे आहे का? दुसरा प्रश्न ब्रेकीथेरपीचा. तिथे मूत्राशयाला पुन्हा डोस मिळणार, मग त्रास दुप्पट होईल का? आणि आमच्या उपचाराचा प्रकार आयएमआरटी (शेजारचे अवयव वाचवत किरण नेमके देण्याची नवी, महागडी पद्धत) नाही, साधा आहे. कर्ज काढून दुसरीकडे जावे का, यावर घरात चर्चा चालू आहे.

पूर्वाषाढा

दुकानदारांनी सांगितले ते खरे आहे. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते आणि लघवीत साखर राहिल्याने जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यताही वाढते. खाज किंवा पांढरा चिकट स्राव आहे का, हे सासूबाईंना विचारा. शिवाय केमोनंतर उलट्या होऊन जेवण बंद झाले असेल अशा वेळी ही गोळी चालू ठेवणे धोक्याचे ठरू शकते. तिच्याऐवजी दुसरे औषध द्यायचे का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. नुसती बंद करून साखर वाढू देऊ नका, कारण वाढलेली साखरही लघवी वाढवतेच.

ब्रेकीथेरपीत किरणांचा स्रोत गर्भाशयमुखापाशीच ठेवला जातो आणि थोड्या अंतरावरच डोस झपाट्याने कमी होतो. नळ्या बसवल्यानंतर मूत्राशय आणि मलाशय यांना मागे-पुढे लोटण्यासाठी योनीमार्गात गॉजची पट्टी नीट भरली जाते आणि लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात नळी, घातलेला असतो. स्कॅन करून मूत्राशयाच्या सर्वाधिक डोस मिळणाऱ्या २ घन सेंटिमीटर भागाला किती मिळतो हे मोजतात, त्यात बाहेरून दिलेल्या रेडिएशनचा डोस मिळवतात, आणि ही समतुल्य बेरीज ९० ग्रेच्या (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक) आत, साधल्यास ८० ग्रेच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. म्हणजे ब्रेकीथेरपी आंधळेपणाने दिली जात नाही. कॅथेटर काढल्यानंतर एक-दोन दिवस जळजळ वाढू शकते. तेवढे दिवस पाणी वाढवावे. त्रासाच्या भीतीने ब्रेकीथेरपी टाळणे मात्र अतिशय घातक आहे, तिच्याशिवाय या कॅन्सरचा उपचार अपुरा राहतो.

आयएमआरटीविषयी माझे मत रोखठोक आहे. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटावर रेडिएशन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, आयएमआरटीच्या गटाला पाचव्या आठवड्यात आतड्याचा व लघवीचा त्रास कमी जाणवला. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. टाटा मेमोरियलच्या २०२१ सालच्या चाचणीत आतड्याचे उशिराचे त्रास तीन वर्षांत ४२.४ टक्क्यांवरून २१.१ टक्क्यांवर आले, पण तोही आतड्याचा हिशेब आहे आणि त्याही शस्त्रक्रिया झालेल्याच स्त्रिया होत्या. सासूबाईंचे गर्भाशय जागेवर आहे आणि उपचार अर्ध्यावर आले आहेत. आता कर्ज काढून रुग्णालय बदलण्यात जे दिवस जातील त्यांचे नुकसान आयएमआरटीच्या फायद्याहून मोठे ठरेल. आहे तिथेच, वेळेत, पूर्ण करावे.

उपचार संपल्यानंतरचे एक सांगून ठेवते. सहा महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही लघवीतून रक्त आले तर ते "उष्णता झाली" म्हणून सोडून देऊ नये. दुर्बिणीतून मूत्राशय तपासावे लागते. किरणांमुळे झालेल्या अशा जुनाट त्रासावर मूत्राशयात औषध सोडणे, उच्च दाबाखाली ऑक्सिजन देणे असे उपाय आहेत आणि ऑक्सिजनच्या उपायाला २०१९ सालच्या युरोपातील एका चाचणीचा आधारही आहे. कपडे सतत ओले राहू लागले, म्हणजे लघवी न लागताच झिरपू लागली, तर तेही तातडीने दाखवावे.

रंकाळा

केमोच्या दिवसाबद्दल सांगायचे राहिले होते. सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर सलाइन भरपूर जाते, त्यामुळे त्या दिवशी नेहमीचे अर्धा लिटर पाणी वरून प्यायले तर मूत्राशय अर्ध्या तासातच तुडुंब होते. सासूबाई टेबलावरून उठून गेल्या तो दिवस केमोचा होता का, हे आठवून पाहा. त्या दिवसापुरते रेडिएशन केमोच्या आधी मिळेल का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ते जमत नसेल तर सलाइन चालू असल्याचे आम्हाला सांगा, म्हणजे पाणी न पाजता, लघवी केल्यापासूनची वेळ धरून आम्ही आत घेतो.